शेवंतीची दहा फुलं

"हे मोजे कुणाचे आहेत? आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर शेगडीत घालीन!"

बिरुतानं मोज्यांचा चिखलानं कडक झालेला गोळा दोन बोटांच्या चिमटीत उंच धरला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा तसा. कपडे बदलायच्या खोलीत अर्धवट कपड्यांत बसलेले ते सगळे घोडे एकदम नजर चुकवायला लागले. कुणी बुटाची नाडी बघायला लागलं, कुणी छताकडे.

"क्वाबेनाचे असतील, काकू," कप्तान गिर्त्स म्हणाला. हा गडी मैदानावर कधी कुणाला पास देत नसे. ढकलाढकली मात्र त्याला छान जमे.

"क्वाबेनाचे नाहीत. तो मोजे सरळ करून टाकतो. त्याला घानामध्ये आई आहे. तुम्हाला लांडग्यांनी वाढवलंय."

कोपऱ्यात बसलेला क्वाबेना खुदकन हसला. बिरुतानं त्याच्याकडेही डोळे वटारून पाहिलं. मोजे सरळ करून टाकतो म्हणून काय झालं, बचावफळीत तर तोही कुंपणाच्या खांबासारखाच उभा राहायचा.

आता आधी हे सांगायला हवं की आमच्या गावाचा, रूदुपेचा, फुटबॉल क्लब व्यावसायिक होता. हसू नका! खरंच होता. क्लबच्या दारावर तसं लिहिलेलं होतं, पितळी अक्षरांत, आणि त्यातलं एक अक्षर पडलेलं होतं. व्यावसायिक म्हणजे काय, तर इतर गावांतली मुलं फुकटात हरतात, आमची पगार घेऊन हरायची. एका गोलामागे पाइनचं जंगल, दुसऱ्यामागे नदी. चेंडू नदीत गेला की खेळ थांबायचा, आणि राखीव खेळाडू लांब दांड्याचं मासे पकडायचं जाळं घेऊन धावत सुटायचे. खरं सांगायचं तर सामन्यात तेवढाच भाग बघण्यासारखा असे. प्रेक्षक म्हणजे थर्मास घेऊन आलेले पेन्शनर, खेळाडूंच्या बायका, आणि एक लांबुडका कुत्रा. तो कुत्रा दर सामन्याला पळून जायचा आणि दर सामन्याला त्याच्या नावानं भोंग्यावरून पुकारा व्हायचा.

बिरुता या क्लबचे कपडे धुवायची. कधीपासून, ते विचारू नका. तिच्यासमोर चार अध्यक्ष आले आणि गेले, शर्टांचा रंग निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा डाळिंबी झाला. धुवायच्या मशिनी तीन मेल्या. बिरुता आपली तिथेच. गवताचे डाग, रक्ताचे डाग, कप्तानाच्या शर्टावर न चुकता पडणारा मेयोनेजचा डाग (हा कुठून येतो, देव जाणे, खेळता खेळता खातो की काय!), सगळं तिच्या लाल हातांखालून गेलेलं.

आणि या सगळ्यांबद्दल तिचं मत? कवडीचीही किंमत नाही कुणाला. अध्यक्ष फुगलेला बेडूक. प्रशिक्षक रडका. खेळाडू म्हणजे दाढी आलेली बाळं. आणि प्रेक्षक तर सगळ्यांत मूर्ख, कारण ते तिकीट काढून आत यायचे.

नवराही या तिरस्कारातून सुटला नव्हता. एगोन्स. तो जुन्या काळी याच क्लबचा गोलरक्षक होता आणि गोल राखणं सोडून बाकी सगळं करायचा. ओरडायचा, हातवारे करायचा, पंचाशी भांडायचा. कपडे धुवायच्या खोलीची खिडकी नेमकी जंगलाकडच्या गोलामागे उघडत असे, त्यामुळे बिरुताला कायम त्याची पाठच दिसायची. गोल झाला की तो जाळ्यातून चेंडू काढायला मागे वळायचा, आणि नवराबायकोची नजरानजर व्हायची. एगोन्स ज्या हिशोबानं गोल खायचा, त्या हिशोबानं त्यांचा संसार बराच नजरानजरेचा होता म्हणायचा.

सप्टेंबरमध्ये एगोन्स गेला. स्वयंपाकघरात, राईच्या पावाचा घास तोंडात असताना. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ऐविस बिरुताच्या खोलीत आला, दारातच उभा राहिला (आत आला असता तर त्याच्या बुटांना साबण लागला असता ना!) आणि म्हणाला, "बिरुताबाई, आपण आता आधुनिक होतोय."

"कोण आपण?"

"क्लब. पुढच्या हंगामापासून कपडे शहरातल्या कंपनीकडे जाणार. त्यांची गाडी येऊन पिशव्या घेऊन जाईल. तुम्हालाही आता आराम हवाच की! आणि हे बघा, शेवटच्या घरच्या सामन्याआधी आम्ही तुम्हाला मैदानात बोलावणार. भोंग्यावरून. फुलं वगैरे. सन्मान."

"डोंबलाचा सन्मान," बिरुता म्हणाली आणि तिनं मशिनीचं झाकण आपटलं.

असं म्हणाली खरी. पण आज, त्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी, तिनं केस कुरळे करून घेतले होते. आईचा अंबरचा ब्रोच लोकरी जाकिटाला लावला होता, आणि आतून ऊब असलेले जुने बूट सोडून टाचेचे काळे बूट घातले होते, नोव्हेंबरच्या चिखलात! मोजे हातात धरून ओरडताना सुद्धा तिचा एक हात मधूनमधून ब्रोचकडे जात होता.

कारण गोष्ट अशी होती. त्या भोंग्यावरून तिनं सगळ्यांची नावं ऐकली होती. एगोन्सचं तर शंभरदा. खेळाडूंची, त्यांच्या नवजात बाळांची, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांची, हरवलेल्या छत्रीच्या मालकिणीचं, त्या लांबुडक्या कुत्र्याचं. तिचं कधीच नाही. एकदाही नाही! आणि तिला, या सगळ्यांना तुच्छ लेखणाऱ्या बिरुताला, ते एकदा ऐकायचं होतं. बास. एवढंच. आणि हे कुणाला सांगण्याआधी तिनं आपली जीभ चावून तुकडा पाडला असता.

खेळाडू सरावाला बाहेर पडले. बिरुता टॉवेलांच्या घड्या घालत बसली. तिच्या खोलीची आणि क्लबच्या ऑफिसची भिंत एकच होती आणि ती पत्र्याची होती. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे 'जपा' म्हणता यायचं.

"किती आणलीस?" ऐविसचा आवाज.

"अकरा." ही सांदा, ऑफिसातली मुलगी. क्लबमध्ये काम करणारं एकमेव माणूस म्हणजे ती, बाकी सगळे पदाधिकारी.

"अकरा? डोकं ठिकाणावर आहे का? मेलेल्या माणसाला विषम फुलं देतात का कधी? विषम जिवंतांना, मयताला सम!"

"मेलेल्या कुठे? बिरुताकाकूंना द्यायचीत ना! त्या जिवंत आहेत."

"अगं, देतोय त्यांच्या हातात, पण आहेत कुणासाठी? एगोन्ससाठी! पेपरवाला फोटो काढायला येतोय. तो काय लिहिणार, धोबीण निवृत्त? दिवंगत गोलरक्षकाच्या पत्नीला मानवंदना, असं लिहिणार. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं त्यानं."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, काकूंचा सन्मान."

"दोन्ही एकच ना! एका दगडात... जाऊ दे. आणखी एक आण."

"रविवार आहे. दुकान बंद झालं."

"मग एक काढ."

"मी नाही काढणार."

मग कागदाचा चुरचुर आवाज. मग देठ मोडल्याचा. ओल्या देठाचा आवाज बिरुताला चांगला कळत होता, तिच्या परसात शेवंती होती.

पलीकडे सांदा म्हणाली, "जिवंत माणसाच्या हातात दहा फुलं. लोक काय म्हणतील?"

"लोक टोप्या काढतील," ऐविस म्हणाला. "बघच तू."

बिरुता टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिली. उठावं आणि घरी जावं, असं तिला वाटलं. मागच्या दारानं, जंगलातून, बसस्टॉपवर. खेळू दे यांना घाणेरड्या मोज्यांत! ती उठलीसुद्धा. कोटाची एक बाही चढवलीसुद्धा. पण मग तिनं विचार केला, फुलं गेली खड्ड्यात. फुलं दहा असोत नाहीतर हजार. भोंगा तर वाजणारच आहे ना? कुणाला बोलावतोय ते सांगायला नाव तर घ्यावंच लागेल ना? नाव न घेता बोलावणार कसे, शीळ घालून?

तिनं कोटाची बाही काढली.

मैदानाच्या मधोमध चालत जाणं म्हणजे काय असतं, ते तिला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तिनं त्या गवताचे डाग काढले होते, पण गवतावर कधी पाय ठेवला नव्हता. टाचा जमिनीत रुतत होत्या. खेळाडू ओळीत उभे होते, तिनं धुतलेल्या डाळिंबी शर्टांत. एका स्टुलावर एगोन्सचा फोटो ठेवला होता, तरुणपणचा, उडी मारतानाचा. ती उडी फोटोवाल्यासाठी मारलेली होती, चेंडू त्यात कुठेच नव्हता. बिरुताला ते माहीत होतं, कारण तेव्हा त्याला मार लागू नये म्हणून खाली गादी तिनंच धरली होती.

आणि ऐविस! त्या माणसानं काय केलं असेल? बिरुताच्या अकरा फुलांतलं मोडलेलं अकरावं फूल त्यानं आपल्या कोटाच्या भोकात खोचलं होतं. शेवंतीचं फूल, पिवळं धम्मक, कोबीच्या गड्ड्याएवढं. हनुवटीखाली ते घेऊन तो असा गंभीर उभा होता, जणू थाळीत वाढलेलं डुकराचं मुंडकं.

भोंगा खरखरला.

"सन्माननीय प्रेक्षकहो. आपल्या क्लबचे लाडके गोलरक्षक, रूदुपेचा अभेद्य किल्ला, एगोन्स काल्वे आज आपल्यात नाहीत..."

अभेद्य! प्रेक्षकांतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"...त्यांच्या आठवणीप्रीत्यर्थ अध्यक्षमहोदय त्यांच्या पत्नीला पुष्पगुच्छ देतील."

त्यांच्या पत्नीला.

बिरुता वाट बघत राहिली. पुढे काहीतरी असेल. असायलाच हवं. भोंग्यातून नुसती खरखर आली, आणि निवेदकानं नाक ओढल्याचा आवाज.

ऐविसनं फुलं तिच्या हातात दिली. "हसा थोडं," तो ओठ न हलवता पुटपुटला, "नको, नको, हसू नका. दुःखी दिसा."

"तुमच्या कोटाला काहीतरी चिकटलंय," बिरुता तेवढ्याच हळू म्हणाली. "झटका. शेण असेल."

कॅमेरा चमकला. त्यातला ऐविस पुढे पेपरात तोंड उघडं टाकलेला आला, ते बाकी बरं झालं.

मग बिरुतानं प्रेक्षकांकडे पाहिलं. आणि तिला दिसलं की ते मोजताहेत. आमच्याकडे कुणाच्या हातात फुलं दिसली की डोळे आपोआप मोजायला लागतात, त्याला कुणाचा इलाज नाही. लाकडी बाकांवर ओठ हलत होते. सात, आठ, नऊ, दहा. ओळीच्या ओळी दहापाशी येऊन थांबल्या. मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग दुसऱ्यानं. थर्मासची झाकणं बंद झाली. सगळे उभे राहिले, माना खाली घालून, आणि त्यांच्यासमोर बिरुता उभी होती, केस कुरळे केलेली, ब्रोच लावलेली, धडधडीत जिवंत, हातात मयताची फुलं घेऊन. लोक आपल्यासाठी शांत उभे राहिलेले बघायचं भाग्य फार थोड्यांना लाभतं! ती मनात म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

शांतता संपली. भोंगा पुन्हा खरखरला, आणि त्यानं दाराशी आडव्या लावलेल्या एका करड्या फोक्सवागनचा नंबर वाचून दाखवला. सगळे अंक. सगळी अक्षरं. दोनदा, स्पष्ट उच्चारात.

बिरुता मैदानाबाहेर आली. टाच पुन्हा रुतली, तिनं ती हिसका देऊन ओढली.

सामना कसा झाला, हे सांगायलाच हवं का? रीगाहून आलेली ती पोरं, अजून मिसरूडसुद्धा न फुटलेली, आमच्या व्यावसायिकांभोवती फुलपाखरांसारखी भिरभिरत होती. तीन गोल झाले. चेंडू दोनदा नदीत गेला, कुत्रा एकदा पळाला. आणि शेवटी शेवटी, कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर क्वाबेनानं अशी सुंदर, अशी उंच उडी घेतली, की बाकावरचे पेन्शनर अर्धे उठले. त्यानं चेंडूला असं काही डोकं मारलं की तो सरळ जाळ्यात गेला. आपल्याच.

खिडकीतून बिरुतानं ते पाहिलं आणि ती म्हणाली, "घ्या!"

मग ते चिखलाचे गोळे एकेक करत आत आले, शर्ट जमिनीवर टाकत, एकमेकांना दोष देत. गिर्त्सच्या शर्टावर मेयोनेज होतंच. निघताना कुणी म्हणालं, "येतो काकू," कुणी काहीच म्हणालं नाही. पुढच्या वेळी त्यांचे मोजे कोण सरळ करणार, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला असता तर डोक्यात आधी जागा हवी होती.

सांदा दारात आली. डोळे लाल. "काकू, मी अकराच आणली होती. देवाशपथ."

"माहितीये मला. भिंत पत्र्याची आहे."

"मी निवेदकाला चिठ्ठीवर तुमचं नाव लिहून दिलं होतं. ऐविसनं ती खिशात घातली."

"रडू नकोस. नाक पूस. आणि तू दुसरी नोकरी शोध, बाई. इथे राहिलीस तर तुझंही माझ्यासारखं होईल, नाहीतर त्याहून वाईट, त्याच्यासारखं."

सांदा रडता रडता हसली आणि गेली.

बिरुतानं शेवटचे कपडे मशिनीत घातले. खरं तर तसेच ठेवून जायला हवे होते, आठवडाभर, त्या आधुनिक कंपनीच्या स्वागताला! तिच्या मनात आलंही. पण मग बुरशी धरली असती, आणि बुरशीचा वास तिला सहन होत नसे. तिनं सगळं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मशीन पुसून कोरडी केली.

बाहेर पायरीवर क्वाबेना बसला होता, एकटाच. गुडघ्यांवर हात, हातांत डोकं.

"घरी जा," बिरुता म्हणाली. "थंडीनं गोठलास तर तुला आता कोण शेकणार?"

"काकू, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. पूर्ण रूदुपेनं पाहिलं. कुत्र्यानंसुद्धा पाहिलं."

तो तिच्या हातातल्या फुलांकडे बघून हळूच म्हणाला, "मी पण मोजली. दहा होती. चांगलं नाही केलं त्यांनी."

बिरुता त्याच्याकडे बघत राहिली. तीन हंगामांत हा मुलगा धड पास द्यायला शिकला नव्हता, पण मोजायला शिकला होता.

तिनं जुडीतून एक शेवंती ओढून काढली. देठ लांब होता, फूल अजून घट्ट. "घे."

"मला कशाला? मी तर स्वतःच्याच गोलात मारला."

"म्हणूनच. आज या मैदानावर नेम धरून मारलेला तेवढाच चेंडू होता. घे म्हटलं ना! एक फूल जिवंत माणसाला चालतं."

क्वाबेनानं ते दोन्ही हातांनी घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं तिच्या हातातली उरलेली फुलं बघितली. त्याचे ओठ हलले. तो उठून उभा राहिला, तिच्याहून दीड हात उंच, आणि म्हणाला, "बिरुताकाकू, आभारी आहे."

"कशाबद्दल?"

"मोज्यांबद्दल."

"हं," बिरुता म्हणाली. नाक वर करून, तोंड फिरवून ती स्टॉपकडे निघाली. तोंड फिरवलं ते बरं केलं, नाहीतर त्या पोराला काहीतरी दिसलं असतं.

बस जवळजवळ रिकामी होती. बाहेर अंधारून आलं होतं, नोव्हेंबरात दुपार अशीच मधेच मरते. ती पुढच्या बाकावर बसली, बूट काढले, दुखरे तळवे बुटांवरच टेकले आणि फुलं मांडीवर उभी धरली. ड्रायव्हर नवा होता, खांदे पडलेला, गालांत काहीतरी चघळत असलेला. त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. काळे बूट, काळा कोट, मांडीवर शेवंती. रविवारची दुपार. त्याला वाटायचं ते वाटलं.

गावाबाहेर, सूचिपर्णींच्या रांगेशी, कबरस्तानाचा स्टॉप होता. तिथे मागच्या आठवड्यात बिरुतानं एगोन्सच्या कबरीवर फरच्या झाडाच्या फांद्या नीट अंथरल्या होत्या, हिवाळ्यासाठी. पुढच्या रविवारी ती येणार होती, मेणबत्त्या घेऊन, सम फुलं घेऊन, त्याला आज काय काय झालं ते सगळं सुनवायला. अभेद्य किल्ला म्हणे!

ड्रायव्हरनं वेग कमी केला. बस स्टॉपपाशी अगदी हळू झाली, एका बाजूला कलली. ड्रायव्हरनं दाराच्या बटणावर हात ठेवला आणि पुन्हा एकदा आरशात पाहिलं.

आरशात त्याचे ओठ हलताना तिला दिसले. सात. आठ. नऊ.

त्यानं बटणावरचा हात काढला, आणि दार न उघडताच बस पुढे नेली.